पन्नाशीनंतर नील यंग: जुने अल्बम जोडीजोडीने कसे ऐकावेत

नील यंग या कॅनेडियन रॉक गायक-गिटारवादकाचा पहिला एकल अल्बम १९६८ मध्ये आला. त्यानंतर त्याने चाळीसहून जास्त स्टुडिओ अल्बम काढले. लाइव्ह अल्बम आणि कित्येक दशकांनी बाहेर काढलेली जुनी ध्वनिमुद्रणं वेगळीच. ज्यांनी हे सगळं विशीत, येईल तसं ऐकलं, त्यांना क्रमाचा प्रश्न पडला नाही. वर्षा-दोन वर्षांनी नवी तबकडी यायची, ते ती घरी आणायचे. पन्नाशीत किंवा साठीत पहिल्यांदा त्याच्याकडे वळणाऱ्याच्या पुढ्यात मात्र सगळा ढीग एकदम येऊन पडतो. मग तो 'सर्वोत्तम दहा' अशी एखादी यादी शोधतो आणि वरचे तीन अल्बम लावतो. एक गोड लागतो, दुसरा कर्कश वाटतो, तिसऱ्यात तर गायक सुरात तरी आहे का अशी शंका येते. तिथेच प्रकरण मिटतं.

मलाही हा माणूस उशिराच भेटला, आणि आता त्याच्याशिवायचा आठवडा जात नाही. इतक्या ऐकण्यातून माझं एक ठाम मत झालं आहे: यंगचे अल्बम सुटे ऐकू नयेत. त्याचा बहुतेक प्रत्येक अल्बम आधीच्या अल्बमला दिलेलं उत्तर असतो, आणि पुष्कळदा ते उत्तर म्हणजे सरळ नकार असतो. एकटा ऐकला तर तो विक्षिप्त वाटतो. आधीच्याला लागून ऐकला की त्यामागचं कारण कळतं. म्हणून खालची सगळी आखणी जोड्यांची आहे. एका जोडीला किमान दोन-तीन आठवडे द्या. घाई असेल तर जोड्या कमी करा, पण दिवस कमी करू नका.

पहिली पायरी: ऐकण्याची व्यवस्था

अ‍ॅपवर ऐकत असाल तर आधी तीन गोष्टी बंद करा: गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं शफल, एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळणारं क्रॉसफेड आणि अल्बम संपल्यावर आपोआप दुसरंच काहीतरी लावणारं ऑटोप्ले. शेवटचं बंद करणं सगळ्यात महत्त्वाचं. अल्बम संपल्यावरची शांतता हा ऐकण्याचाच भाग आहे, आणि यंगच्या बाबतीत तर फारच.

दुसरं, अल्बम बाजूबाजूने ऐका. १९७० च्या दशकातले हे अल्बम तबकडीच्या दोन बाजूंसाठी रचलेले आहेत, एक बाजू साधारण वीस मिनिटांची. 'ऑन द बीच'च्या पहिल्या बाजूला पाच गाणी आहेत आणि दुसरीला फक्त तीन, तीही संथ. सलग आठ गाण्यांची यादी म्हणून ऐकलं तर अल्बम शेवटी रेंगाळल्यासारखा वाटतो. पाचव्या गाण्यानंतर थांबलात, उठून पाणी प्यायलात आणि मग दुसरी बाजू लावलीत, तर ती तीन गाणी मिळून एक वेगळीच खोली उघडते. मूळ तबकडीवर बाजू कुठे बदलत होती हे आधी पाहून घ्या; ही माहिती सहज मिळते.

तिसरं, कान. वय वाढतं तशी वरच्या पट्टीतली ऐकू येण्याची क्षमता कमी होते, आणि तिचा फटका आधी व्यंजनांना बसतो. शब्द ऐकू येतो पण नेमका कळत नाही. यंगचा आवाज मुळात उंच आणि पातळ, त्यात क्रेझी हॉर्स या त्याच्या साथीदार बँडच्या गिटारींचा गदारोळ. अशा वेळी आवाज वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, फक्त कान थकतात. त्यापेक्षा शांत खोली आणि कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन घ्या. ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आहे. त्याहून मोठ्याने ऐकायचं तर वेळ झपाट्याने कमी करावा लागतो. खुद्द यंगला १९९१ च्या 'वेल्ड' या प्रचंड आवाजाच्या लाइव्ह अल्बमनंतर कानात सतत गुणगुण ऐकू येण्याचा त्रास जडला.

पहिल्यांदा ऐकताना गाण्याचे शब्द समोर ठेवू नका. दुसऱ्यांदा ठेवा. शब्द आधी वाचले की आपण गाणं ऐकत नाही, शब्द जुळवत बसतो.

आणि एक वही करा. प्रत्येक अल्बमपुढे तीन नोंदी: ध्वनिमुद्रणाचं वर्ष, प्रकाशनाचं वर्ष आणि सोबत कोण वाजवतंय. यातल्या पहिल्या दोन सालांमध्ये यंगच्या बाबतीत कधीकधी चाळीसहून जास्त वर्षांचं अंतर असतं. अ‍ॅपवर तर बऱ्याचदा नव्याने काढलेल्या आवृत्तीचंच साल दिसतं, त्याच्यावर विसंबू नका.

दुसरी पायरी: तीन सोबती ओळखा

तिसरी नोंद खरी किल्ली आहे. यंगचा कुठला अल्बम कसा असेल हे सालावरून नाही, सोबत्यांवरून कळतं.

क्रेझी हॉर्स म्हणजे डॅनी व्हिटन, बिली टॅलबॉट आणि राल्फ मोलिना. व्हिटन गेल्यावर १९७५ पासून फ्रँक साम्पेड्रो. ही मंडळी सफाईदार नाहीत. ठेका सावकाश आणि जड, सुरावटी दोन-तीनच, पण त्या पुन्हापुन्हा येतात तेव्हा यंगच्या गिटारला हवी तेवढी मोकळी जागा मिळते. स्ट्रे गेटर्स हे दुसरे, नॅशव्हिलचे, कंट्री या ग्रामीण अमेरिकन संगीताच्या वळणाचे. त्यांच्यातला बेन कीथ पेडल स्टील गिटार वाजवतो, आणि ते लांब ओघळणारे सूर एकदा ओळखता आले की पुढे कुठेही चुकत नाहीत. तिसरा सोबती म्हणजे कुणीच नाही: यंग एकटा, अकूस्टिक गिटार, पियानो, गळ्यात अडकवलेला हार्मोनिका.

चरित्रातलं एवढंच पुरे. जन्म टोरोंटोचा, १२ नोव्हेंबर १९४५. लहानपणी, १९५१ मध्ये, पोलिओ झाला. आईवडील वेगळे झाल्यावर आईसोबत विनिपेगला गेला. १९६६ मध्ये शववाहिका म्हणून बनलेल्या जुन्या पाँटिअ‍ॅक गाडीतून लॉस एंजेलिस गाठलं आणि तिथे स्टीफन स्टिल्ससोबत बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड उभा केला. दोन वर्षांत तो मोडला. १९६८ चा पहिला एकल अल्बम तूर्त बाजूला ठेवा. त्यात वाद्यांचे थर फार चढवलेले आहेत, आणि पहिल्या आवृत्तीत आवाज दबल्यासारखा झाल्याने पुढच्याच वर्षी तो पुन्हा मिक्स करून काढावा लागला. पुढे कशाला नकार द्यायचा हे यंगला त्यातून कळलं, हेच त्या अल्बमचं मोल.

तिसरी पायरी: पहिली जोडी

'एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर' (१९६९) आणि 'आफ्टर द गोल्ड रश' (१९७०).

पहिल्यात क्रेझी हॉर्स पहिल्यांदा येतात. 'सिनॅमन गर्ल', 'डाउन बाय द रिव्हर' आणि 'काउगर्ल इन द सँड' ही तिन्ही गाणी जोराचा ताप असताना एकाच दिवसात लिहिली, असं यंगने सांगितलं आहे. तिघांपैकी आधी 'सिनॅमन गर्ल' घ्या. तीन मिनिटांचं गाणं, आणि शेवटाकडे गिटारचा एकल तुकडा येतो तो जवळजवळ एकाच स्वरावर. गिटारवादक जिथे बोटांची करामत दाखवतात तिथे हा एकच स्वर पुन्हापुन्हा छेडत राहतो. मागे सुरावट बदलते आणि तोच स्वर दर वेळी वेगळा लागतो. ही युक्ती कानात बसली की 'डाउन बाय द रिव्हर'ची नऊ मिनिटं लांब वाटत नाहीत. तिथे हेडफोन लावा आणि दोन गिटारी वेगळ्या करा: एका बाजूला यंग, दुसऱ्या बाजूला व्हिटन. बहुतेक लोक यंगकडे लक्ष देतात. एकदा पूर्ण गाणं फक्त व्हिटनकडे लक्ष देऊन ऐका. तो पुढे येत नाही, यंगला अडवतही नाही, आणि तरी प्रत्येक वळणावर आधी तोच पोचलेला असतो. हा माणूस लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा त्याच्याभोवती फिरते.

मग 'आफ्टर द गोल्ड रश'. बराचसा लॉस एंजेलिसजवळच्या टोपांगातल्या यंगच्या घराच्या तळघरात केलेला. पियानोवर निल्स लॉफग्रेन, वय १८, आणि तो पियानोवादक नव्हता, गिटार आणि अ‍ॅकॉर्डियनवाला होता. यंगने मुद्दाम त्यालाच पियानोवर बसवलं. असं करण्यातून काय मिळतं ते 'सदर्न मॅन' ऐकताना कळतं: पियानो ठोकल्यासारखा वाजतो, सरावलेल्या बोटांची गुळगुळीत सफाई त्यात नाही, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वंशद्वेषावरच्या त्या गाण्याला तीच धार हवी होती. शीर्षकगीतात तर पियानो आणि फ्लूगलहॉर्न हे ट्रम्पेटसारखं वाद्य, यापलीकडे काही नाही.

दोन्ही अल्बम आलटून पालटून ऐकले की एक गोष्ट दिसते. एक मोठ्या आवाजाचा, दुसरा हलक्या. पण दोन्हींत तयारीपेक्षा पहिला उमाळा जास्त मोलाचा मानलेला आहे. निर्माता डेव्हिड ब्रिग्ज दोन्हीकडे आहे, आणि या वृत्तीला त्याचाही मोठा हातभार आहे.

चौथी पायरी: 'हार्वेस्ट' नव्या कानाने

'हार्वेस्ट' (१९७२) तुम्ही कदाचित आधीच ऐकला असेल, निदान 'हार्ट ऑफ गोल्ड' तरी. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अल्बम त्या वर्षी तिथला सर्वाधिक विकला गेलेला ठरला. सोपा, गोड अल्बम म्हणून पुष्कळ जाणकार त्याला नाक मुरडतात. मला ते पटत नाही.

त्याचं हलकेपण कुठून आलं ते पाहा. यंगची पाठ दुखावली होती, वजनदार इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभं राहणं जड जात होतं, म्हणून तो बसून अकूस्टिक गिटार वाजवत होता. १९७१ च्या फेब्रुवारीत कंट्री गायक जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी तो नॅशव्हिलला गेला. गायिका लिंडा रॉनस्टाट आणि गायक जेम्स टेलरही त्याच कार्यक्रमाला आले होते. निर्माता एलियट मेझरने तिथल्याच वादकांची जुळवाजुळव केली, तेच स्ट्रे गेटर्स, आणि त्या मुक्कामातच ध्वनिमुद्रण सुरू झालं. 'हार्ट ऑफ गोल्ड'मध्ये मागून ऐकू येणारे आवाज रॉनस्टाट आणि टेलरचे आहेत.

'ओल्ड मॅन' हे गाणं पन्नाशीनंतर ऐकणाऱ्याला मिळतं तसं विशीत मिळत नाही. यंगने १९७० मध्ये कॅलिफोर्नियात एक रँच घेतली. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला प्रश्न पडला की एवढा तरुण मुलगा ही जागा कशी काय विकत घेऊ शकतो. गाणं त्या भेटीतून आलं: चोविशी-पंचविशीतला मुलगा म्हाताऱ्याला सांगतोय की माझ्याकडे नीट बघ, मी तुझ्यासारखाच आहे. तरुणपणी ऐकणारा मुलाच्या बाजूने ऐकतो. आपण आता राखणदाराच्या बाजूने ऐकतो, आणि त्या मुलाचा हट्ट खरा होता हे आपल्याला ठाऊक असतं. उशिरा येण्याचा हा खरा लाभ आहे, आणि यंगच्या गाण्यांत तो जागोजागी मिळतो.

अल्बमच्या शेवटाकडे 'द नीडल अँड द डॅमेज डन' येतं. १९७१ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या रॉइस हॉलमध्ये, श्रोत्यांसमोर एकट्याने गायलेलं. हेरॉइनने आतून पोखरल्या जाणाऱ्या मित्रांबद्दल, त्यातही व्हिटनबद्दल. दोन मिनिटांत संपतं. टाळ्या सुरू होतात आणि त्या पुऱ्या व्हायच्या आत पुढच्या 'वर्ड्स'च्या जड गिटारी त्यांना कापून टाकतात. त्या कापाकडे लक्ष द्या. एवढ्या गोड अल्बमच्या शेवटी कुणीतरी दार आपटल्यासारखा तो आहे. इथेच थांबा, एक दिवस काही ऐकू नका.

पाचवी पायरी: रस्ता सोडून

१९७२ च्या शरद ऋतूत 'हार्वेस्ट'नंतरच्या दौऱ्याची तालीम सुरू होती. व्हिटनला बोलावलं होतं, पण त्याला गाणी धरता येईनात. यंगने त्याला परत पाठवलं. त्याच रात्री, १८ नोव्हेंबरला, लॉस एंजेलिसमध्ये नशेच्या अति मात्रेने त्याचा मृत्यू झाला. वय २९. पुढच्या वर्षी ब्रूस बेरी हा बँडच्या सामानाची व्यवस्था पाहणारा सोबतीही हेरॉइनने गेला.

त्यानंतरचे तीन अल्बम म्हणजे 'टाइम फेड्स अवे' (१९७३), 'ऑन द बीच' (१९७४) आणि 'टुनाइट्स द नाइट' (१९७५). चाहते यांना 'डिच ट्रिलॉजी' म्हणतात. कारण १९७७ च्या 'डिकेड' या निवडक संग्रहाच्या टिपणात यंगने लिहिलं की 'हार्ट ऑफ गोल्ड'ने त्याला रस्त्याच्या मधोमध आणून ठेवलं, तिथला प्रवास कंटाळवाणा झाला, म्हणून त्याने गाडी कडेच्या चरात घातली; धक्के बसले, पण माणसं जास्त रंजक भेटली.

'हार्वेस्ट'ची जोडी म्हणून यातला 'टुनाइट्स द नाइट' घ्या. प्रकाशनाचा क्रम इथे फसवतो. बराचसा अल्बम १९७३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झाला, म्हणजे दोन्ही मृत्यू ताजे असताना, आणि 'ऑन द बीच'च्या आधी. हॉलीवूडमधला तालमीचा एक हॉल, सोबत लॉफग्रेन, कीथ, टॅलबॉट आणि मोलिना. रात्री उशिरापर्यंत टकीला पीत बसायचं आणि मग वाजवायला उठायचं. २६ ऑगस्टच्या एका रात्रीत पाच गाणी झाली. मग अल्बम पडून राहिला. पुढे यंगने 'होमग्रोन' नावाचा दुसरा अल्बम तयार केला आणि काही मित्रांना ऐकवला. त्याच टेपवर मागोमाग 'टुनाइट्स द नाइट' होता. 'द बँड' या गटातला रिक डॅन्को म्हणाला, हाच काढ. यंगने ते मानलं, आणि गोड, घरगुती 'होमग्रोन' थेट २०२० मध्ये बाहेर आला.

या अल्बमवर मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण बहुतेक नवे श्रोते इथेच मागे फिरतात. पहिल्यांदा रात्री, सलग, काहीही न तपासता ऐका. गायक माइकपासून लांब जातो, जवळ येतो, पियानो अडखळतो. ते तसंच राहू द्या. दुसऱ्यांदा फक्त 'मेलो माय माइंड' ऐका. त्यात एका उंच स्वरावर आवाज चढायला जातो आणि फाटतो. कुठल्याही निर्मात्याने ते पुन्हा गाऊन घेतलं असतं. इथे ठेवलं आहे, आणि मला विचाराल तर यंगच्या सगळ्या गाण्यांत त्याहून खरा क्षण नाही: थकलेला माणूस शांतता मागतोय, आणि ते मागणंही त्याच्या गळ्यातून नीट निघत नाही.

तिसऱ्यांदा 'कम ऑन बेबी लेट्स गो डाउनटाउन'साठी थांबा. अचानक आवाज उजळतो, बँड उड्या मारतो आणि गाणारा माणूस वेगळा असतो. तो व्हिटन आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहातलं हे ध्वनिमुद्रण यंगने त्याच्या मृत्यूनंतरच्या अल्बमच्या मधोमध ठेवलं. गाणं आहे ड्रग्ज विकत घ्यायला जाण्याबद्दल, आणि व्हिटन ते आनंदाने गातोय. पहिल्या जोडीत तुम्ही त्याची गिटार वेगळी काढून ऐकली असेल तर इथे काय होतं ते मी सांगायला नको.

चौथ्यांदा पहिलं आणि शेवटचं गाणं लागोपाठ ऐका. दोन्ही एकच आहेत, शीर्षकगीतच, दोनदा गायलेलं, आणि त्यात बेरीचं नाव आहे. दुसऱ्या वेळी तेच शब्द किती वेगळ्या वजनाने येतात ते तपासा. ही रचना यंगने पुढे आणखी दोनदा केली, १९७९ आणि १९८९ मध्ये, तिकडे येतोच.

'ऑन द बीच' त्यानंतर. इथे आक्रोश ओसरलेला आहे, उरला आहे कडवट शहाणपणा. मुखपृष्ठावर यंग समुद्राकडे तोंड करून उभा, वाळूत गाडलेल्या कॅडिलॅकचं मागचं टोक वर आलेलं, आणि जवळच्या वर्तमानपत्रात अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन याच्या राजीनाम्याच्या मागणीची बातमी. अल्बम जुलै १९७४ मध्ये आला, निक्सन ऑगस्टमध्ये पायउतार झाला. 'रेव्होल्यूशन ब्लूज'मध्ये द बँडचे डॅन्को आणि लेव्हन हेल्म ताल धरतात; तो ठेका कसा खाली रेटत नेतो ते ऐका. दुसरी बाजू संपते ती 'अँब्युलन्स ब्लूज' या जवळपास नऊ मिनिटांच्या गाण्यावर. हा अल्बम सीडीवर यायला २००३ उजाडलं.

'टाइम फेड्स अवे' शेवटी ठेवा. 'हार्वेस्ट'ची गाणी ऐकायला आलेल्या गर्दीपुढे वाजवलेल्या, तोवर न ऐकवलेल्या गाण्यांचा हा लाइव्ह अल्बम. आवाज खडबडीत, मन:स्थिती वाईट. यंगलाच तो फारसा आवडत नसे, २०१७ पर्यंत सीडीवर आला नव्हता. त्यातलं 'डोन्ट बी डिनाइड' मात्र आजच ऐका. आईवडिलांचं वेगळं होणं, विनिपेग, शाळेत खाल्लेला मार, सगळं त्यात आहे.

सहावी पायरी: 'झुमा' आणि 'रस्ट नेव्हर स्लीप्स'

'झुमा' (१९७५) म्हणजे साम्पेड्रो आल्यावर उठून उभा राहिलेला क्रेझी हॉर्स. 'कॉर्टेझ द किलर'मध्ये गाणं सुरू व्हायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. तोवर फक्त गिटार, आणि घाई कुणालाच नाही. गाणं शेवटी विरत जातं, कारण ध्वनिमुद्रण चालू असताना वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि शेवटचं कडवं टेपवर आलंच नाही. यंगने ते पुन्हा केलं नाही.

या गिटारचा आवाज आता तुमच्या ओळखीचा झाला असेल. ती १९५३ ची गिब्सन लेस पॉल, काळी रंगवलेली, म्हणून नाव 'ओल्ड ब्लॅक'. सोबत फेंडर डिलक्स हा तसा लहान अँप्लिफायर, पण पूर्ण ताणून लावलेला. म्हणून सूर फाटल्यासारखा येतो आणि तरी उबदार राहतो.

'रस्ट नेव्हर स्लीप्स' (१९७९) ही एकाच अल्बममधली जोडी आहे. पहिली बाजू अकूस्टिक, दुसरी क्रेझी हॉर्ससह. बराचसा मैफलींत ध्वनिमुद्रित करून श्रोत्यांचा आवाज जमेल तितका काढून टाकलेला. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं पुन्हा एकच, फरक दोन बाजूंचाच. ज्याच्याकडे एकाच अल्बमचा वेळ आहे त्याला मी हाच देईन, 'हार्वेस्ट' नाही.

सातवी पायरी: ऐंशीचं दशक, थोडक्यात

इथे फार रेंगाळू नका. फक्त 'ट्रान्स' (१९८२) एकदा मनापासून ऐका. यंगचा आवाज व्होकोडर नावाच्या यंत्रातून रोबोसारखा येतो. त्याच्या धाकट्या मुलाला जन्मतः सेरेब्रल पाल्सी होती, त्याला बोलता येत नव्हतं. ही गाणी त्या मुलापर्यंत पोचण्याच्या धडपडीतून आली, असं यंगने नंतर सांगितलं. ते कळल्यावर यंत्रातून नीट न कळणारे शब्द वेगळे ऐकू येतात. पुढच्या वर्षी गेफन रेकॉर्ड्स या त्याचे अल्बम काढणाऱ्या कंपनीनेच यंगवर दावा ठोकला, सुमारे ३३ लाख डॉलरचा: हे संगीत विकाऊ नाही आणि नील यंगसारखंही नाही, अशी तक्रार. प्रकरण पुढे मिटलं.

'ट्रान्स'ची जोडी 'फ्रीडम' (१९८९). जुन्या आवाजाकडे परत येणं, आणि तिसऱ्यांदा तीच रचना: 'रॉकिन इन द फ्री वर्ल्ड' सुरुवातीला अकूस्टिक, शेवटी इलेक्ट्रिक. १९७५, १९७९ आणि १९८९ या तीन अल्बमांची फक्त पहिली आणि शेवटची गाणी घेऊन एक संध्याकाळ काढा. तोच माणूस तीन वयांत स्वतःचंच म्हणणं कसं उलटतपासतो, ते त्या सहा गाण्यांत कळतं.

आठवी पायरी: 'हार्वेस्ट मून'

वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, यंगने पुन्हा स्ट्रे गेटर्सना जमवलं. रॉनस्टाट आणि टेलरही आले. कान दुखावलेले होते, हलक्या आवाजाचं काही करणं गरजेचं होतं. १९७१ मध्ये पाठ, आता कान. 'हार्वेस्ट' आणि 'हार्वेस्ट मून' एकाच दिवशी ऐका, मध्ये तासभर जाऊ द्या. पहिल्यात माणूस काहीतरी शोधतोय. दुसऱ्यात जे आहे ते टिकवतोय. शीर्षकगीतात ठेक्यासोबत एक सौम्य खसखस ऐकू येते. ती खऱ्या झाडूची आहे, झाडू मारून ध्वनिमुद्रित केलेली. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या जोडप्याने नाचायला उठावं असं हे गाणं आहे, आणि विशीत ते ऐकून फार तर बरं वाटतं.

हा अल्बम आवडला तर लगेच त्याच्या उलट टोकाला जा: 'रॅग्ड ग्लोरी' (१९९०), क्रेझी हॉर्ससह, रँचवरच्या कोठारात केलेला.

नववी पायरी: कपाटातले अल्बम

हे सगळं झाल्यावरच जुन्या अप्रकाशित सामग्रीकडे वळा. 'आर्काइव्हज'चे तीन मोठे संच २००९, २०२० आणि २०२४ मध्ये आले. आधी ते उघडले तर माणूस बुडतो. 'हिचहायकर' (ध्वनिमुद्रण १९७६, प्रकाशन २०१७) मात्र सुटा घ्या: एक रात्र, एक माणूस, एक गिटार, थोडा पियानो. तुम्हाला आता माहीत असलेली काही गाणी त्यात पहिल्या रूपात भेटतात. 'होमग्रोन' 'टुनाइट्स द नाइट'नंतर लावा आणि डॅन्कोच्या जागी तुम्ही असता तर कुठला निवडला असता ते ठरवा. मी डॅन्कोच्या बाजूचा आहे. 'लाइव्ह अ‍ॅट मॅसी हॉल १९७१' मध्ये 'हार्वेस्ट'ची गाणी अल्बम यायच्या वर्षभर आधी, टोरोंटोच्या श्रोत्यांपुढे एकट्याने गायलेली आहेत. श्रोत्यांना ती ओळखीची नाहीत, हे त्यांच्या शांततेतून कळतं.

यंगने २०२२ मध्ये स्पॉटिफायवरून आपली गाणी काढून घेतली होती, २०२४ मध्ये ती परत आली. 'नील यंग आर्काइव्हज' या त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर सगळं कालरेषेवर मांडलेलं आहे आणि ध्वनीचा दर्जाही उत्तम आहे. वहीतल्या ध्वनिमुद्रणाच्या तारखा तिथे ताडून घेता येतात.

शेवटी एक अल्बम यंगचा नसलेला घ्या. क्रेझी हॉर्सने १९७१ मध्ये आपल्याच नावाने पहिला अल्बम काढला, यंगशिवाय. लॉफग्रेन आहे, पियानोवर जॅक नित्शे आहे, काही गाण्यांवर गिटारवादक राय कूडर आहे, आणि पुढे उभा आहे व्हिटन. त्याचं 'आय डोन्ट वाँट टु टॉक अबाउट इट' पुढे ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्टने गाऊन जगभर पोचवलं, पण मूळ इथे आहे. 'डाउनटाउन' हे गाणंही यात आहे, स्टुडिओत केलेलं. फिलमोर ईस्टच्या आवृत्तीशेजारी ठेवून ऐका.